क्लॅरिस गेली की तिला नेलं? ‘हॅनिबल’वरून झालेलं भांडण

(हा या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना जिथे अडखळलो, ‘म्हणजे’ ‘म्हणजे’ करत बसलो, ते काढून टाकलंय. बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)



आज सुरुवातीलाच सांगून टाकतो, या भागात स्पॉयलर आहेत. आणि थोडेथोडके नाहीत, मी अख्ख्या पुस्तकाचा शेवटच सांगणार आहे. कारण भांडण शेवटावरूनच आहे. तेव्हा ज्यांना थॉमस हॅरिसची ‘हॅनिबल’ कोरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबा, पुस्तक वाचा आणि मग या. भाग कुठे पळून जात नाही. दुसरी सूचना, पुस्तकात रक्त भरपूर आहे. मी वर्णनात शिरणार नाही, पण काही गोष्टींचा उल्लेख टाळता येणार नाही. जेवता जेवता ऐकत असाल तर ताट आधी संपवा.

तर झालं असं. आम्ही चौघं आहोत, अधूनमधून एकच पुस्तक ठरवून वाचतो. मी, माझी मोठी बहीण, ऑफिसमधला एक मित्र आणि त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणतो. नियम काही नाहीत. महिनाभरात वाचायचं आणि मग एका रविवारी ताईच्या घरी चहा प्यायला जमायचं. किलोवर पुस्तकं विकतात त्या प्रदर्शनात मला ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ आणि ‘हॅनिबल’ दोन्ही एकत्र मिळाली. पहिली सगळ्यांनी आठवड्यात संपवली. तिच्याबद्दल चौघांचं एकमत, एकदम फर्स्ट क्लास. दुसरी वाचून जमलो तेव्हा मात्र चहा गार झाला, पोहे तसेच राहिले आणि वहिनी नि ताई दोघींचा आवाज चढला. मी पहिल्यांदाच बघितलं की एका थ्रिलरवरून माणसं इतकी खरीखुरी चिडतात.

नंतर शोधलं तर कळलं की आम्ही काही वेगळे नाही. १९९९ च्या जूनमध्ये पुस्तक आलं तेव्हापासून वाचक असेच भांडतायत. स्टीफन किंगने न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याचं भरभरून कौतुक केलं. मार्टिन एमिससारख्या लेखकाने, ज्याला हॅरिसची आधीची पुस्तकं आवडली होती, या पुस्तकाची सालं काढली. दोघंही मुरलेले वाचक, दोघांच्या हातात तेच पुस्तक. मग नेमकं होतं काय? आज तेच बघू.

पहिल्या पुस्तकाने काय दिलं होतं

थोडक्यात पार्श्वभूमी. हॅनिबल लेक्टर हे पात्र पहिल्यांदा येतं ‘रेड ड्रॅगन’मध्ये, १९८१ साली. तिथे तो कोपऱ्यात बसलेला आहे, फार पानं नाहीत त्याला. मग १९८८ मध्ये ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’. इथे क्लॅरिस स्टार्लिंग येते. एफबीआयच्या क्वांटिकोच्या अकादमीत शिकणारी मुलगी, अजून पास आउटसुद्धा झालेली नाही. बाप छोट्या गावात रात्रीचा पहारा करणारा, चोरांच्या गोळीने गेलेला. पैसा नाही, ओळखी नाहीत, बोलण्यात गावाकडचा हेल. आणि तिला पाठवतात लेक्टरशी बोलायला, जो मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माणसं मारून खायचा म्हणून कोठडीत आहे.

या पुस्तकाचा जीव त्या दोघांच्या संवादात आहे. तो तिला एका दुसऱ्या खुन्याबद्दल माहिती देणार, त्या बदल्यात ती त्याला स्वतःच्या लहानपणाबद्दल सांगणार. सौदा सरळ आहे. पण ती देते ते सगळं स्वतः ठरवून देते. कुठे थांबायचं हे तिला माहीत असतं. तो तिच्या बुटांवरून, पर्सवरून, हेलावरून तिचा पाणउतारा करतो आणि ती उठून जात नाही. उलट त्यालाच विचारते की ही नजर स्वतःकडे वळवायची हिंमत आहे का. शेवटी खुन्याच्या घरात, मिट्ट अंधारात, ती एकटी असते. लेक्टर नाही, साहेब नाही, बॅकअप नाही. ती त्या मुलीला वाचवते आणि पुस्तक संपतं तेव्हा शांत झोपलेली असते.

१९९१ मध्ये सिनेमा आला. जोडी फॉस्टर आणि अँथनी हॉपकिन्स. चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री, पटकथा, अशी पाचही मोठी ऑस्कर घेऊन गेला. म्हणजे दुसरं पुस्तक येईपर्यंत क्लॅरिस फक्त हॅरिसची राहिली नव्हती. अकरा वर्षं वाचकांनी तिला आपापल्या डोक्यात वाढवलं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि दुसऱ्याने काय केलं

‘हॅनिबल’ सुरू होते सात वर्षांनंतर. लेक्टर फरार आहे. क्लॅरिस एफबीआयमध्ये आहे, पण जिथे असायला हवी तिथे नाही. एका धाडीचा विचका होतो, तिला एका बाईवर गोळी झाडावी लागते आणि त्या बाईच्या अंगाशी तान्हं बाळ असतं. बाळ वाचतं, पण फोटो छापून येतात आणि सगळं खापर क्लॅरिसवर. आत न्याय खात्यात क्रेंडलर नावाचा एक अधिकारी बसलाय. मागे एकदा तिने त्याला ‘घरी बायकोकडे जा’ अशा अर्थाचं काहीतरी सुनावलेलं असतं. तो ते विसरलेला नाही. तिची फाइल, तिची बढती, तिचं नाव, सगळं तो सावकाश कुरतडत आणतो.

दुसरीकडे मेसन व्हर्जर. मांसाच्या धंद्यातला अब्जाधीश, लेक्टरच्या तावडीतून जिवंत सुटलेला पण चेहरा गमावलेला. त्याला लेक्टर जिवंत हवा आहे, खास पोसलेल्या रानडुकरांच्या पुढ्यात टाकायला. आणि तिसरीकडे फ्लॉरेन्स. तिथे लेक्टर खोट्या नावाने एका जुन्या महालाच्या ग्रंथसंग्रहाचं काम बघतोय आणि पाझी नावाचा इन्स्पेक्टर त्याला ओळखतो. बक्षिसाच्या लोभाने तो पोलिसांना न सांगता त्याला मेसनला विकायला निघतो. १४७८ मध्ये मेदिची घराण्याविरुद्ध कट झाला होता, त्यात पाझी घराण्यातल्या एकाला सरकारी वाड्याच्या खिडकीतून फाशी दिलं होतं. हा खरा इतिहास. हॅरिस या इन्स्पेक्टरला त्याच घराण्यातला दाखवतो आणि त्याच वाड्यावरून लटकवतो.

आता शेवट. मेसनची माणसं लेक्टरला पकडतात. क्लॅरिसला तोपर्यंत निलंबित केलेलं असतं, बॅज काढून घेतलेला असतो. तरी ती जाते, कारण कुणालाही डुकरांपुढे टाकणं तिला मान्य नाही, तो लेक्टर असला तरी. ती त्याला सोडवते. त्या गोंधळात तिलाच गुंगीचे डार्ट लागतात आणि तो तिला उचलून घेऊन जातो. मग कित्येक दिवस औषधं आणि संमोहन. तो तिच्या वडिलांची हाडं उकरून आणून तिच्यासमोर ठेवतो. मग एके रात्री क्रेंडलर जेवणाच्या टेबलावर, आणि तो पाहुणा म्हणून आलेला नसतो, एवढंच सांगतो. क्लॅरिस जेवते. आणि पुस्तकाच्या शेवटी, तीन वर्षांनी, ब्युनॉस आयर्सच्या ऑपेरा हाउसमध्ये लेक्टर आणि क्लॅरिस जोडप्यासारखे बॉक्समध्ये बसलेले दिसतात.

होय. जोडपं. तुम्ही बरोबर ऐकलंत.

गट पहिला: दगा

ताई या गटातली. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, ठेवलं म्हणजे आपटलंच, आणि म्हणाली, “हे त्याने लिहिलं कसं? ज्या माणसाने क्लॅरिस लिहिली त्यानेच?”

या गटाचं म्हणणं साधं आहे. पहिलं पुस्तक क्लॅरिसचं होतं. तिचं सगळं मोठेपण यात होतं की ती राक्षसाच्या समोर बसली, त्याच्याकडून हवं ते घेतलं आणि स्वतःची राहिली. तिला शेवटी त्याच्याच टेबलावर बसवणं म्हणजे पहिल्या पुस्तकातली तिची सगळी कमाई काढून घेणं. या गटात बरेच वाचक आहेत आणि बऱ्याच जणांचा राग वैयक्तिक आहे. ओळखीच्या माणसाबद्दल कुणीतरी खोटं सांगितलं की जसा येतो, तसा.

आणि एकटे वाचकच नाहीत. ‘सायलेन्स’ सिनेमाचा दिग्दर्शक जोनाथन डेमी दुसऱ्या सिनेमाला नाही म्हणाला. जोडी फॉस्टरही नाही म्हणाली. तेव्हा तिच्या हातात दुसरा एक सिनेमा होता हे खरं, पण क्लॅरिसचं असं काही करायला आपण तयार नव्हतो हे तिने पुढे बोलून दाखवलं.

गट दुसरा: ही तर सुटका

माझा मित्र या गटात. आणि खरं सांगतो, त्या रविवारी मीही याच गटात होतो.

आमचं म्हणणं असं होतं की अरे, पुस्तकाची पहिली दोन तृतीयांश पानं काय सांगतायत ते तरी बघा. क्लॅरिसने या खात्यासाठी काय नाही केलं? आणि खात्याने तिला काय दिलं? क्रेंडलरसारखा माणूस बढत्या घेत जातो. तिचा जुना साहेब क्रॉफर्ड चांगला माणूस आहे, पण थकलाय, शेवटी बिछान्यात मरतो. लेक्टरला तिने इशारा दिला असा खोटा पुरावा तयार होतो आणि कोणी शहानिशासुद्धा करत नाही. म्हणजे कायद्याच्या बाजूला एकही माणूस असा नाही जो तिची किंमत जाणतो, आणि जो जाणतो तो नरभक्षक. हा हॅरिसचा कडवट विनोद आहे. मग तिने त्या लोकांना लाथ मारली आणि निघून गेली तर बिघडलं कुठे?

मित्राचा आणखी एक मुद्दा होता, तो मला आजही पटतो. त्याचं म्हणणं, तुम्ही हे पोलीस तपासाचं पुस्तक म्हणून वाचताय म्हणून फसताय. इथे तपास नाहीच. चेहरा नसलेला श्रीमंत, तळघर, माणूस खाणारी जनावरं, जुने महाल, सुंदर पोरगी आणि सैतान. ही भयकथा आहे, जवळजवळ परीकथा, फक्त उलट्या बाजूने सांगितलेली. परीकथेत राक्षस मुलीला पळवतो आणि राजपुत्र सोडवतो. इथे राजपुत्र आलाच नाही. स्टीफन किंगला ते आवडलं यात नवल नाही, तो त्याच घरचा माणूस.

फ्लॉरेन्सच्या भागाबद्दल मात्र आम्हा चौघांचं एकमत झालं. तो या पुस्तकातला सर्वांत चांगला भाग. पाझी वाईट माणूस नाही. बायको तरुण आहे, करिअर घसरलंय आणि एक मोठी रक्कम समोर आहे. तो एकेक पायरी उतरत जातो आणि प्रत्येक पायरीला आपल्याला वाटतं, अरे अजून वेळ आहे, फोन कर ऑफिसला. तो करत नाही. थ्रिलर म्हणून एवढा एक भाग वाचला तरी पैसे वसूल.

गट तिसरा: राक्षसाचं मेडिकल सर्टिफिकेट

वहिनीचा राग वेगळाच होता. तिला शेवटाचं एवढं वाईट वाटलंच नाही. तिची तक्रार लेक्टरबद्दल.

‘सायलेन्स’मध्ये एक जागा आहे. क्लॅरिस त्याला प्रश्नावली देते आणि तो तिची टर उडवतो. त्याचा सूर असा असतो की माझं काही घडलं म्हणून मी असा झालो असं समजू नकोस. माझी मोजदाद करू नकोस. तिथे तो भयंकर वाटतो, कारण त्याला मागे नेऊन जोडायला काहीच नाही. दुष्टपणाला कारण नाही.

‘हॅनिबल’मध्ये हॅरिस कारण देतो. लिथुआनिया, दुसऱ्या महायुद्धाचा शेवट, उपाशी पळपुटे सैनिक आणि लेक्टरची धाकटी बहीण मिशा. तिला त्या सैनिकांनी मारून खाल्लं. वहिनी म्हणाली, “झालं. राक्षसाचं मेडिकल सर्टिफिकेट काढलं. आता तो आजारी आहे, बिचारा आहे, आपण त्याला समजून घ्यायचं.” त्यात पुन्हा या पुस्तकात लेक्टर ज्यांना मारतो ते बहुतेक सगळे एक तर लोभी, एक तर नीच. वाचकाला वाईट वाटू नये अशी सोयच करून ठेवलीय. वहिनीच्या मते खरा दगा हा आहे. क्लॅरिस बदलली म्हणून लोक रडतायत, पण आधी लेक्टर बदलला. पहिल्या पुस्तकातला लेक्टर असता तर तिला जवळ ठेवताच आलं नसतं.

मला हा मुद्दा तीनही गटांत सर्वांत तर्कशुद्ध वाटतो. २००६ मध्ये हॅरिसने ‘हॅनिबल रायझिंग’ लिहून हेच कारण अख्ख्या पुस्तकभर ताणलं. ज्यांना मिशाचं प्रकरण आधीच खटकलं होतं, त्यांच्या हातात त्याने आयता पुरावा दिला.

सिनेमावाल्यांनी काय केलं

२००१ मध्ये रिडली स्कॉटने ‘हॅनिबल’ सिनेमा केला. हॉपकिन्स तोच, क्लॅरिस झाली ज्युलियन मूर. आणि शेवट बदलला. सिनेमात औषधांचा तो लांबलचक प्रकार नाही, प्रेम नाही, ऑपेरा नाही. क्लॅरिस शेवटपर्यंत त्याला पकडायच्याच प्रयत्नात असते. ती त्याच्या हातात बेडी अडकवते, दुसरी बाजू स्वतःच्या हातात. सुटण्यासाठी तो सुरा उचलतो. आपल्याला वाटतं तिचा हात जाणार. जातो त्याचा स्वतःचा.

म्हणजे सिनेमावाले सरळ ताईच्या गटात गेले. क्लॅरिस तीच राहिली. प्रेक्षक खूश. पण मला सिनेमा बघताना उगाच हलकं हलकं वाटलं. पुस्तकाने जो त्रासदायक प्रश्न विचारला होता तो इथे पुसूनच टाकलाय. ज्या गोष्टीवर भांडायचं तीच शिल्लक नाही.

एक गंमत सांगतो. पुढे हक्कांच्या वाटणीमुळे ही दोन पात्रं टीव्हीवर एकत्र येऊच शकली नाहीत. २०१३ ते २०१५ मध्ये ‘हॅनिबल’ नावाची मालिका आली, तिच्यात क्लॅरिस नाही. २०२१ मध्ये ‘क्लॅरिस’ नावाची मालिका आली, तिच्यात लेक्टरचं नाव घ्यायचीसुद्धा सोय नाही. वाचकांना जे हवं होतं, त्या दोघांना दूर ठेवा, ते शेवटी वकिलांनी करून दाखवलं.

ताई काय म्हणाली

आता त्या रविवारकडे परत येतो.

ताईबद्दल एक सांगायला हवं. ती दहा वर्षं एका कंपनीत होती. नाव सांगत नाही, गरजही नाही. त्या वर्षी तिच्याहून चार वर्षं ज्युनिअर माणसाला तिच्या डोक्यावर आणून बसवलं होतं. त्याला काम तिनेच शिकवलेलं. घरी ती यावर फार बोलायची नाही. पण ‘हॅनिबल’च्या तिच्या प्रतीत क्रेंडलरच्या प्रत्येक प्रसंगाला पेन्सिलची रेघ होती, हे मी नंतर बघितलं.

मला त्यातलं थोडं माहीत होतं म्हणूनच मी जरा जोरात बोललो. म्हटलं, “ताई, तुला तर हा शेवट आवडायला हवा. क्लॅरिसने किती दिवस सहन करायचं? शेवटी ती सगळ्यांवर थुंकून निघून गेली की नाही?”

ताई जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ती गेली नाही रे. तिला नेलं.”

मी काहीतरी बोलायला लागलो, पण मग थांबलो. कारण मुद्दा बरोबर होता आणि मी तो पाहिलाच नव्हता.

घरी येऊन मी शेवटची शंभरेक पानं पुन्हा वाचली. आमच्या कामात एखादी सिस्टिम रात्री बंद पडली की आम्ही लॉग उघडतो आणि मागे मागे जात शोधतो की शेवटची नॉर्मल नोंद कुठली होती. तसंच वाचलं. क्लॅरिसने स्वतःच्या शुद्धीत, स्वतःच्या डोक्याने घेतलेला शेवटचा निर्णय कुठला? सापडला. निलंबित असताना मेसनच्या फार्मवर जाण्याचा. ती तिथे लेक्टरच्या प्रेमापोटी जात नाही. त्याला वाचवून बेड्या घालायला जाते. म्हणजे ज्या खात्याने तिला फेकून दिलं त्याच खात्याने शिकवलेलं कर्तव्य ती करते, खातं स्वतः करत नाही तेव्हा. ती क्लॅरिस शंभर टक्के पहिल्या पुस्तकातली आहे. त्यानंतर डार्ट लागतात. आणि तिथून पुढची एकही नोंद स्वच्छ नाही.

मित्राला मी हे सांगितलं तर त्याने लगेच पान काढून दाखवलं. निवेदक शेवटी सांगतो की ती औषधं केव्हाच संपली, त्यांच्या आयुष्यात आता त्यांची जागा नाही. क्लॅरिस आपल्या जिवलग मैत्रिणीला अंगठी आणि चिठ्ठी पाठवते, मी ठीक आहे, मला शोधू नकोस. मित्र म्हणाला, “बघ, ती शुद्धीत आहे. राहते आहे ती तिच्या मर्जीने.” आणि आणखी एक. लेक्टरचा बेत होता की क्लॅरिसच्या आत मिशाला जागा करायची, म्हणजे क्लॅरिस पुसायची आणि बहीण परत आणायची. तो बेत फसतो. क्लॅरिस पुसली जात नाही, उलट ती त्याच्यावर डाव उलटवते. मित्राच्या मते हाच पुरावा की आत कोणीतरी जागं आहे.

मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण त्याच पानांवर हॅरिस आणखी एक गोष्ट करतो. लेक्टर अधूनमधून मुद्दाम चहाचा कप जमिनीवर टाकतो. त्याला काळ उलटा फिरायला हवा असतो, फुटलेला कप पुन्हा जुळावा, म्हणजे मिशा परत येईल. आता कप जुळला नाही तरी तो समाधानी असतो. आणि निवेदक सुचवतो की कधीतरी एखाद्या आवाजाने क्लॅरिस जागी होईलही. पुढे लगेच स्वतःच शंका घेतो की मुळात ती झोपलेली आहे का.

म्हणजे लेखकाने दार उघडं ठेवलंय. त्याने उत्तर दिलेलं नाही. आम्ही चौघांनी आपापलं उत्तर घातलं आणि ते पुस्तकाचं आहे असं समजून भांडलो.

मग माझं आजचं मत काय? मला वाटतं ‘हॅनिबल’ हे धाडसी पुस्तक आहे आणि त्याचा शेवट प्रामाणिक नाही, दोन्ही एकदम. धाडसी अशासाठी की वाचकांना आवडतं ते पुन्हा वाढायचं सोपं काम त्याने केलं नाही. दुसरा खुनी, दुसरी केस, काचेपलीकडे पुन्हा लेक्टर, असं लिहिलं असतं तरी धडाधड खपलं असतं. प्रामाणिक नाही अशासाठी की क्लॅरिस त्या टेबलावर स्वतः चालत येते का, एवढा एकच प्रश्न महत्त्वाचा होता, आणि तिथे पोचताना हॅरिसने तिला गुंगीचं औषध दिलं. तिने पूर्ण शुद्धीत, बॅज टेबलावर ठेवून, दार उघडून त्याच्याकडे जायचं ठरवलं असतं तर मी हादरलो असतो, पण मान्य केलं असतं. ते लिहायला जास्त अवघड होतं. आणि वाचायलाही.

संस्था माणसाला लुबाडतात हे सांगणं ठीक. पण लुबाडलेल्या बाईला दुसऱ्या कुणीतरी ‘बरी’ केली, तिच्यासाठी तिच्या वैऱ्याचा निकाल लावला, तिला छान कपडे आणि ऑपेराचं तिकीट दिलं, याला मी त्या रविवारी सुटका म्हणालो होतो. आता म्हणणार नाही.

शेवटी

ज्यांना वाचायचं आहे त्यांच्यासाठी. ‘रेड ड्रॅगन’पासून सुरू करा, मग ‘सायलेन्स’, मग थोडं अंतर ठेवून ‘हॅनिबल’. लगोलग वाचलंत तर ताईसारखा राग येईल. आणि सिनेमा नंतर बघा, नाहीतर डोक्यात त्याचाच शेवट बसेल. ‘सायलेन्स’च्या पुढची केस म्हणून वाचू नका, फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवरून चालणारी एक काळीकुट्ट परीकथा म्हणून वाचा. क्रेंडलरच्या प्रसंगांपाशी थांबा. माणसं खाण्याच्या गोष्टींपेक्षा ते प्रसंग मला जास्त भीतिदायक वाटतात, कारण ते रोज घडतात.

ताईने पुढे चार-पाच महिन्यांनी ती नोकरी सोडली. पुस्तकामुळे सोडली असं म्हणणार नाही, पुस्तकं एवढी कामाची नसतात. दुसरी शोधली, पगार थोडा कमीच आहे, स्वतः ठरवून गेली. मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेलो तेव्हा तिच्या कपाटात ‘सायलेन्स’ची आमची ती किलोवर घेतलेली प्रत दिसली. म्हटलं, दुसरा भागही ठेव, जोडी आहे. म्हणाली, “तो तुझ्याकडेच असू दे. माझ्या क्लॅरिसची गोष्ट पहिल्यातच संपली.”

तिला तसं म्हणायचा हक्क आहे असं मला वाटतं. वाचकाला कुठे थांबायचं ते ठरवता येतं. हॅरिसची क्लॅरिस ब्युनॉस आयर्सला आहे, ताईची अजून शांत झोपलेली आहे, आणि दोन्ही खऱ्या आहेत. दुसरी प्रत माझ्या टेबलावर आहे, ताईच्या पेन्सिलच्या रेघांसकट.

तुमचं काय? क्लॅरिस गेली की तिला नेलं? आणि असा कुठला दुसरा भाग आहे का, जो वाचून तुम्ही ठरवलंत की माझ्यापुरती गोष्ट पहिल्यातच संपली? नक्की कळवा, पुढच्या भागात त्यातली काही मतं वाचून दाखवीन. जे माझ्याशी अजिबात सहमत नाहीत त्यांची आधी.

चला तर, भेटू पुढच्या भागात. वाचत राहा, भांडत राहा, फक्त चहा गार होऊ देऊ नका. नमस्कार.